एका चढाईनं मागं

लोणावळ्यात थंडी पडली की आबांचा कॉम्प्युटर सकाळी चालू व्हायला रुसतो. बटण दाबलं की आतला पंखा घरघरतो, पडदा मात्र काळाच राहतो, आणि काकू म्हणतात, त्यालाही आधी चहा द्या. यंदाही तेच. आज सकाळी मी बटण दाबून उभा राहिलो. खिडकीच्या काचेला बाहेरनं धुकं चिकटलेलं, आणि पडदा उजळायच्या आधी त्यात माझंच तोंड दिसलं, कानटोपीतलं. ते बघून मला तो हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात मी ह्याच पडद्यासमोर बसून माझ्या सख्ख्या भावावर जळत होतो.

जळत होतो, हाच शब्द. ह्याच्यापेक्षा बरा शब्द वरच्या वर्गात शिकवत असतील, पण तिथवर मी शाळेत राहिलो नाही.

आबा म्हणजे माझे मालक, काकू त्यांच्या बायको, पण मालक म्हटलेलं आबांना चालत नाही. ते मूळचे मावळातल्याच एका खेड्यातले. सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत केली, आणि निवृत्त झाल्यावर लोणावळ्यात घर बांधून बंगल्यांच्या बुकिंगचं काम धरलं. बंगले मुंबई-पुण्याच्या लोकांचे, फोन आबांचा, आणि किल्ल्या आबांच्या भिंतीवर. त्यासाठी त्यांनी व्हरांड्याला काचा लावून घेतल्या आणि त्याला ऑफिस म्हणायला लागले. एक टेबल, एक कॉम्प्युटर, फिरायची बंद झालेली फिरती खुर्ची आणि खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, एवढंच ऑफिस. माझं काम बंगले उघडायचं, गाद्या घालायच्या, गिझर लावायचे, शेकोटीची लाकडं रचायची, आणि पाहुणे गेले की सगळं होतं तसं करायचं.

टीव्ही आधी हॉलमध्ये होता. पण इथल्या माकडांना गच्चीवरची डिश म्हणजे झोपाळा वाटतो. एकदा वाकवली, परत वाकवली, मग वायरच ओढून नेली, तेव्हा काकू म्हणाल्या, आता पुरे, माकडांची करमणूक आपण का करायची. टीव्ही जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला आणि संध्याकाळचा कॉम्प्युटरच टीव्ही झाला. दिवेलागण झाली की आबा बुकिंगचं पान बाजूला सारायचे, काकू स्वयंपाकघरातनं आपली खुर्ची घेऊन यायच्या, आणि मी दारात उभा. बरेच दिवस मी उभ्यानंच मालिका बघितली. मग एकदा काकूंनी पडद्यावरची नजर न काढता पायानंच एक स्टूल माझ्याकडं सरकवलं. किल्ल्यांच्या खाली ते स्टूल, तीच माझी जागा. घरापासून लांब आलेल्या माणसाला या, बसा म्हणणारे भेटतात. पण न बघता, पायानं स्टूल सरकवणारं कुणी भेटलं की समजायचं, आपण ह्या घरात मोजले गेलो. त्या स्टुलाचे उपकार मी विसरायचा नाही.

तसा तो पुरता टीव्ही कधीच नव्हता. नायिका रडायला लागली की तिच्या गालावर नेमका पाहुण्यांचा मेसेज उगवायचा, स्विमिंग पूल आहे का, कुत्रा आणला तर चालेल का. फोन वाजला की काकू लांबनं बोट पोचवून स्पेसबार दाबायच्या. नायिका तोंड उघडं टाकून थांबायची, आणि आबा तिच्याकडंच बघत फोनवर म्हणायचे, व्हय साहेब, गरम पाणी आहे, लय गरम आहे. मला त्या मेसेजच्या टिंगची भीती. टिंग वाजलं की वाटायचं, आपलंच काही राहिलं असणार, गिझर पेटत नसेल, चादरीवर डाग असेल, आता आबा खुर्चीतनं वळून माझ्याकडं बघतील. आबा कधी वळले नाहीत. पण भीती काय कारण विचारून येते?

आणि भीतीच्या शेजारी तो दुसरा, हेवा. थंडीत भुशी धरणाच्या पायऱ्या कोरड्या ठाक असतात, पावसाळ्यातली दंगेखोर गर्दी नसते. येतात ती घरची घरं. आजी, सुना, नातवंडं. अंगणात शेकोटी लावून मी बाजूला उभा राहतो. कुणाची तरी आई आपल्या दाढीवाल्या मुलाच्या कानांवर टोपी ओढते, तो वैतागून काढून टाकतो, ती परत ओढते. मला त्या टोपीचासुद्धा हेवा वाटतो. शेजारच्या घराचाही वाटायचा. त्यांची डिश माकडांनी का सोडली होती कोण जाणे. क्रिकेटची मॅच असली की आधी ते ओरडायचे. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू मांडीला घासत असायचा आणि भिंतीपलीकडं फलंदाज आउट झालेला असायचा. इंटरनेटवरनं येणारं चित्र थांबत थांबत, दम खात येतं. "शिळं खातोय आपण, शिळं," आबा म्हणायचे. मला ते लागायचं. माझ्याकडं आयुष्यात सगळं असंच पोचलं होतं. दुसऱ्यांचं खाऊन झाल्यावर.

आता विशूचं सांगतो. विशाल, माझा धाकटा भाऊ. आमचं गाव हिंगोलीकडं. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो आणि तो चौथीत. घरात कुणीतरी कमवायला पाहिजे होतं, आणि चौथीतलं पोरगं काय कमावणार. मी पुस्तकं मित्राला देऊन टाकली आणि एका नातेवाइकाच्या ओळखीनं आबांकडं आलो. ह्यात कुणाची चूक नाही. माय म्हणते, तू गेलास म्हणून हे घर उभं राहिलं. तिला तसं म्हणताना ऐकलं की बरं वाटतं, आणि मग वाटतं, घर उभं आहे खरं, पण मी त्यात नाही.

त्याआधी गावात बुद्धविहाराशेजारच्या मोकळ्या जागेत आम्ही राखेनं रेषा मारून कबड्डी खेळायचो. माझा दम मोठा होता. माझ्या वर्गातली पोरं पलीकडं जाऊन यायची, मी पलीकडं जाऊन, थांबून, चिडवून यायचो. विशू लहान, म्हणून तो लिंबूटिंबू. त्याला धरायचं नाही, तो आउट नाही, त्यानं नुसतं माझा सदरा धरून मागं मागं पळायचं. मी एकच गोष्ट त्याला शिकवली असेन. धरलं तरी पडताना आखडायचं नाही, लांब पडायचं. हात पुढं टाकायचा. मधल्या रेषेला बोटाचं टोक लागलं तरी आपण जिंकलो, आणि ज्यांनी धरलं ते सगळे बाद.

तो हिवाळा आला तेव्हा विशू कॉलेजात होता आणि त्यांच्या संघाचा मुख्य चढाईपटू. तालुक्याच्या मैदानावर सामने, आणि गावातला एक पोरगा तीन पायांच्या तिकाटण्यावर मोबाइल लावून ते इंटरनेटवर लाइव्ह दाखवायचा. मी पहिल्यांदा आबांना भीत भीत विचारलं, माझ्या भावाची मॅच लावू का, मालिकेच्या आधी संपेल. आबा म्हणाले, "आरं, कबड्डी म्हटल्यावर इचारतो काय? लाव की." ते स्वतः तरुणपणी मावळात मातीवर खेळलेले. काकू मटारच्या शेंगा सोलायला घेऊन आल्या. आणि जिथं रोज नायिका रडायची तिथं आमचं तालुक्याचं मैदान आलं, मागची लिंबाची झाडं, चुन्याच्या रेषा, आणि मांडीवर थाप मारणारा विशू.

मला आधी ओळखूच आला नाही. खांदे केवढे झाले होते. आबा म्हणाले, तुझ्यापेक्षा डबल आहे रं. हसून म्हणाले. मीही हसलो. आणि स्टुलावर बसल्या बसल्या माझे हात माझ्याच मांड्यांवर गेले. गाद्या उचलून, लाकडं फोडून त्याही घट्ट झाल्या होत्या, पण त्यांच्यावर थाप मारायला कुणी सांगत नव्हतं.

तेवढ्यात मायचा फोन आला. ती मैदानावर होती. मजुरी बुडवून, चांगलं लुगडं नेसून, विशूच्या कॉलेजच्या मास्तरांनी दिलेल्या खुर्चीत बसली होती. एवढ्या गर्दीत एकटीला भ्या वाटतं, तू बोलत राय, म्हणाली. मी फोन कानाला लावला आणि गंमत झाली. पडद्यावर विशू अजून रेषेशी वाकत होता, आणि कानात माय म्हणाली, आला आला, शिवून आला. मग पडद्यावर तो गेला, एकाला शिवला, आला. फोन सरळ यायचा, चित्र दम खात यायचं. बरोबर एका चढाईचा फरक. आमचा टीव्ही एका चढाईनं मागं होता.

मायला कबड्डी कळत नाही. तिला फक्त विशू पडला की उठला एवढंच कळतं. पण तेवढं ती मोठ्यानं सांगायची आणि माझ्या तोंडावरनं आबांना समजायचं. दुसऱ्या मॅचला ते वैतागले. "तुझी आय आमचा खेळ नासवती. फोन ठिव तितं किल्ल्यांपाशी." मी ठेवला. तो खिळ्याखाली थरथरत राहिला आणि मला पडद्यावरचं काही दिसेना. ती एकटी घाबरली असेल असं वाटत राहिलं. काकूंनी ते बघितलं आणि आबांना म्हणाल्या, त्याला उचलू द्या, त्यानं तोंड भिंतीकडं करून बसावं. मग ठरलं तसं. मी कानाला फोन लावून अर्धा भिंतीकडं वळून बसायचो, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरनं निकाल फुटणार नाही.

हे सगळं सांगताना गोड वाटतं. तेव्हा गोड नव्हतं. माझा खेळ बघायला माय कधी आली नव्हती. तेव्हा ती दुसऱ्याच्या शेतात असायची, येणार कशी, हे मला कळत होतं. कळून काय होतं? मी भिंतीकडं तोंड करून, तिच्या तोंडून त्याचं कौतुक ऐकत होतो. आधी कानानं ऐकायचं, मग डोळ्यानं बघायचं. एकाच गोष्टीवर दोन दोनदा जळायचं.

बंगल्यावर चादरी झटकताना माझ्या मनात हिशेब चालायचा. त्याच्या प्रत्येक थापेत माझा नववीनंतरचा एकेक वर्ग आहे. पाठवलेले पैसे नाही म्हणत मी. पैसे परत पाठवता येतात. तो मैदानात होता ती जागा म्हणतोय. आता लिंबूटिंबू मी होतो. मला कुणी धरत नव्हतं, मी आउटही नव्हतो, नुसतं मागं मागं.

अंतिम सामन्याच्या आधी विशूचा फोन आला. आवाज उतरलेला. म्हणाला, "दादा, ह्या मॅचवर जिल्ह्याच्या संघात घेणार हायेत. घेतलं तर तिकडंच होस्टेल, पुढचं शिक्षणबी तेच बघणार. न्हाई घेतलं तर मी कॉलेज सोडतो. तुह्याकडंच येतो कामाला. तू एकट्यानं किती वढायचं?"

मी म्हणालो, असं बोलू नको, नीट खेळ. फोन ठेवला. आणि खरं सांगतो, माझ्या आत शेकोटीसारखं काहीतरी पेटलं. विशू इथं येणार. माझ्याबरोबर गाद्या उचलणार. संध्याकाळी किल्ल्यांखाली दोन स्टुलं. एकत्र जेवायला माझं माणूस. आणि त्याच्या मागनं दुसरा आवाज, बारीक, म्हणत होता की त्यालाही कळू दे. त्यालाही मांड्यांवर थाप मारायला कुणी सांगू नये. प्रेम कुठलं आणि हेवा कुठला, मला वेगळं काढता आलं नाही.

मी आबांना सांगितलं, भाऊ कदाचित कामाला येईल. आबा म्हणाले, येऊ दे, सीझनला माणूस लागतोच, माळ्यावर लोखंडी घडीची खाट आहे ती काढ. मी त्याच दुपारी काढली. नळाखाली धुतली, गंज घासला, सैल झालेल्या नायलॉनच्या पट्ट्या ओढून ताणून बसवल्या, आणि माझ्या खोलीत माझ्या खाटेशेजारी लावली. वर घोंगडीसुद्धा घातली. काकू दारातनं बघून गेल्या. आपलाच भाऊ हरावा म्हणून त्याचं अंथरूण घालणारा माणूस त्यांनी आधी बघितला नसेल.

अंतिम सामना दुपारी उन्हं कलताना होता. त्या दिवशी पाहुणे संध्याकाळी येणार होते, म्हणून मी शेकोटीची लाकडं आधीच रचून आलो. आबांनी बुकिंगचा फोन गप्प करून टाकला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. काकूंच्या मांडीवर आज शेंगा नव्हत्या. मी भिंतीकडं वळून, कानाला माय.

काय सांगू त्या मॅचचं. वर-खाली, वर-खाली चाललं होतं. शेवटाला विशूचा संघ एका गुणानं मागं, आणि शेवटची चढाई त्याची. पडद्यावर तो अजून आपल्या बाजूला उभा होता, बुटाची नाडी बांधत होता. कानात मायचा श्वास ऐकू येत होता. मग एकदम गलका. आणि त्यात मायचा आवाज, फाटलेला:

"आरं मिलिंदा, धरलं रे त्याला. समद्यायनं मिळून धरलं. पडलं रे लेकरू."

आणि फोन कटला.

म्हणजे संपलं. मला कळलं, आणि त्या खोलीत फक्त मलाच कळलं. आबा पडद्याकडं सरकून बसले होते. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलेलं. आणि मला पहिल्यांदा काय झालं असेल, तर आनंद. लपवत नाही. येतो आता, असं झालं. डोळ्यांपुढं ती खाट आली.

मग मी भिंतीकडनं वळलो.

पडद्यावर विशू नाडी बांधून उठत होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं. त्यानं मातीला बोट लावून कपाळाला लावलं, वडील करायचे तसं. मग मान फिरवून गर्दीत कुणाला तरी शोधलं, मायला, आणि जराशी मान हलवली, भिऊ नको म्हणून. तो निघाला. मी कुणालाही आजवर असं बघितलेलं नाही. ज्याचं सगळं होऊन गेलंय आणि ज्याला ते ठाऊक नाही, असं माणूस. हा माझा सदरा धरून पळणारा विशू होता, आणि पुढं काय आहे ते मला माहीत होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. तो आनंद होता ना, तो माझ्या तोंडात राखेसारखा झाला. मी स्टुलावरनं उठलो. आबा म्हणाले, बस खाली, दिसत नाही. मला बसता येईना. मी पडद्याला म्हणालो, मोठ्यानं, त्या काचेला, "विशू, आत जाऊ नको. फिर माघारी."

पण तो आत गेला. कोपऱ्यातल्यानं पाय धरला. मग दुसऱ्यानं कंबर. मग ते सगळे त्याच्यावर, मायनं सांगितलं तसेच. मी डोळे मिटणार होतो. आणि त्या ढिगाऱ्यातनं एक हात बाहेर आला. तो पडत होता, पण लांब पडत होता. आखडला नव्हता. हात पुढं, अजून पुढं, आणि बोटाचं टोक मधल्या रेषेवर.

मायला कबड्डी कळत नाही. तिनं पोरगा पडलेला बघितला, बोट तिला दिसलंच नाही.

आबा खुर्चीतनं असे उठले की ती खुर्ची इतक्या वर्षांनी फिरली. काकूंनी माझा दंड धरला. भिंतीवरच्या किल्ल्या हलत होत्या, बहुतेक मीच त्यांना धडकलो होतो. मी हसत होतो, आणि रडतही होतो, आणि त्याच दमात परत जळायला लागलो. तो हात माझा होता. राखेच्या रेषेवर मी दिलेला. आणि तिकडं सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडत होतं.

फोन थरथरला. मायचा नंबर, पण आवाज विशूचा. धापा टाकत होता. "दादा, बघितलं का? लांब पडलो का न्हाई?"

माझ्या तोंडात खूप काही आलं. तू आता येणार नाहीस, हे सगळ्यात आधी आलं. शाबास म्हणावं, सुखी राहा म्हणावं, मोठ्या भावानं म्हणायचं असतं ते म्हणावं. त्यातलं काही निघेना. म्हणालो, "बघितलं. इकडं यायचं नाही आता. खाट मोडली."

तिकडं नुसता गलका. मग फोन कुणीतरी ओढून घेतला आणि बंद झाला.

आबांनी विचारलं, काय बोललास रं त्याला? मी काही नाही म्हणालो आणि पडद्याकडं बघितलं. तिथं पोरांनी त्याला आत्ता कुठं खांद्यावरनं खाली उतरवलं होतं. माय गर्दीतनं वाट काढत येत होती, लुगड्याचा पदर सावरत, फोन हातात धरून. तिनं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. त्याचे ओठ हलले. बघितलं का.

मी स्टुलावर खाली बसलो आणि माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायची वाट बघत राहिलो.